टाइम-आउट आणि पॉइंट कापणं : पालक-शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मुलांच्या वागण्याच्या तक्रारींवर मी पालकांबरोबर आणि शाळांबरोबर काम करते. "मॅडम, टाइम-आउट देऊन बघितला, काही फरक पडत नाही" हे आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. जरा खोलात विचारलं की कळतं, घरात जे झालं त्याला टाइम-आउट म्हणताच येणार नाही. संतापाच्या भरात "जा त्या खोलीत, तोंड दाखवू नकोस" एवढंच झालेलं असतं. म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

टाइम-आउट म्हणजे मुलाला कोपऱ्यात उभं करणंच ना?

कोपऱ्याला फारसं महत्त्व नाही. इंग्रजीतलं पूर्ण नाव 'टाइम-आउट फ्रॉम पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट' असं आहे. मूल ज्यात रमलंय, जे त्याला हवंहवंसं आहे, मग तो खेळ असो, टीव्ही असो, मित्रांचा घोळका असो की आईचं लक्ष, ते चुकीच्या वागण्यानंतर लगेच आणि थोड्या वेळापुरतं थांबवणं म्हणजे टाइम-आउट. मुलाला जागचं हलवलं नाही तरी चालतं.

१९७८ साली फॉक्स आणि शपिरो या संशोधकांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या एका वर्गात हे करून दाखवलं. प्रत्येक मुलाला टायसारखी एक रिबिन बांधलेली असायची. ती असेपर्यंत मुलाला ठरावीक वेळाने खाऊ आणि शाबासकी मिळायची. गैरवर्तन झालं की तीन मिनिटांसाठी रिबिन काढायची. मूल वर्गातच बसलेलं असायचं, पण तेवढा वेळ खाऊ नाही आणि शाबासकीही नाही.

मग याला 'शिक्षा' का म्हणायचं? शिक्षा म्हटलं की छडी आठवते.

वर्तनशास्त्रात हा शब्द फार काटेकोर अर्थाने वापरतात. एखाद्या वागण्यानंतर जे घडलं त्यामुळे ते वागणं पुढे कमी झालं, तरच ती शिक्षा. ॲझ्रिन आणि होल्झ यांनी १९६६ मध्ये ही व्याख्या नीट मांडली. मुलाला वाईट वाटलं का, ते रडलं का, आपल्याला समाधान मिळालं का, याचा तिथे संबंध येत नाही.

या व्याख्येवर घरातल्या कितीतरी 'शिक्षा' नापास होतात. आई दिवसातून वीस वेळा ओरडते आणि मूल एकविसाव्यांदा तेच करतं. मग त्या ओरडण्याला शिक्षा म्हणता येत नाही. पुष्कळदा तेच मुलाचं बक्षीस असतं. दिवसभर कामात बुडालेली आई निदान त्या क्षणी तरी पूर्णपणे त्याच्याकडे बघत असते.

शिक्षेचे दोन प्रकार असतात. एकात नकोशी गोष्ट वाट्याला येते, जसा मार किंवा बोलणी. दुसऱ्यात हवीशी गोष्ट जाते. टाइम-आउट आणि पॉइंट कापणं हे दोन्ही या दुसऱ्या प्रकारातले.

'रिस्पॉन्स कॉस्ट' म्हणजे काय?

सरळ मराठीत दंड. लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत केलं की पैसे भरावे लागतात, सिग्नल तोडला की चलन येतं, त्यातलाच हा प्रकार. मुलाने आधी मिळवलेल्या पॉइंटांतून, स्टारमधून किंवा खेळण्याच्या मिनिटांतून ठरावीक वागण्यासाठी ठरावीक भाग कापायचा. टाइम-आउटमध्ये हवीशी गोष्ट थोडा वेळ थांबते, इथे मोजून काहीतरी जातं. पुढचा खेळ मात्र चालू राहतो.

ही पद्धत आली कुठून?

सुरुवात प्रयोगशाळेत झाली. १९५० च्या दशकात चार्ल्स फर्स्टर कबुतरांवर आणि चिंपांझींवर काम करत होते. दाणे मिळण्याची संधीच काही काळ बंद केली तर वागणं बदलतं, हे त्यांनी तपासलं. माणसांच्या बाबतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९६४ चं एक काम. ते केलं माँट्रोज वुल्फ, टॉड रिझली आणि हेडन मीझ यांनी.

साडेतीन वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा होता. निबंधात त्याचं नाव 'डिकी' आहे. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगं काढावी लागली होती, आणि चष्मा लावला नाही तर दृष्टी जाण्याची भीती होती. पण तो चष्मा लावू देत नव्हता. आकांडतांडव करायचा, स्वतःलाच मारून घ्यायचा. आकांडतांडव सुरू झालं की त्याला खोलीत ठेवायचं आणि शांत झाला की दार उघडायचं, असं ठरलं. पुढे चष्मा फेकला तर दहा मिनिटं खोलीत.

या गोष्टीचा एवढाच अर्धा भाग लोक सांगतात. उरलेल्या अर्ध्या भागात फार चिकाटीचं काम होतं. नुसती फ्रेम हातात धरली तरी खाऊचा घास, मग ती चेहऱ्याजवळ नेली की घास, मग डोळ्यांवर ठेवली की घास. एकेक पायरी चढत तो मुलगा दिवसाला साधारण बारा तास चष्मा लावू लागला. खोलीमुळे फेकाफेक थांबली, पण चष्मा लावायला तो शिकला त्या घासांमुळे. टाइम-आउटबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं या एका मुलाच्या गोष्टीत आहे.

घरी टाइम-आउट द्यायचा तर कसा?

पहिली तयारी टाइम-आउटच्या आधीची. रोज दहा-पंधरा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून मुलाबरोबर जमिनीवर बसा आणि ते खेळेल तसं खेळा. शिकवू नका, प्रश्न विचारू नका. याला 'टाइम-इन' म्हणतात. ज्या घरात एरवी मुलाच्या वाट्याला काहीच गोड येत नाही, तिथे टाइम-आउटमध्ये काढून घ्यायला काय शिल्लक असतं?

मग एकच वागणं निवडा. 'त्रास देतो', 'ऐकत नाही' अशी नावं ठेवू नका, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी घ्या. समजा, पाच वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला ठोकळे फेकून मारतो. घरात सगळे शांत असताना त्याला सांगा : ठोकळा फेकून मारला की खुर्चीवर तीन मिनिटं. त्याच्याकडून एकदा खोटंखोटं करूनही घ्या, मुलांना ते आवडतं.

प्रत्यक्ष वेळ आली की आवाज न चढवता एकच वाक्य बोला : "ठोकळा मारलास, तीन मिनिटं खुर्ची." त्यानंतर गप्प. हे सगळ्यात अवघड असतं. एका आईने मला सांगितलं, त्या तीन मिनिटांत ती स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडत बसायची, कारण हात रिकामे राहिले की तोंड सुरू व्हायचं. उत्तम युक्ती आहे. टायमर वाजला की विषय संपला. "आता सॉरी म्हण", "परत करशील का" असली उलटतपासणी नको. तो पुन्हा खेळायला लागला आणि नीट खेळला, की मिनिटाभरात तसं बोलून दाखवा : "ठोकळे तिच्या हातात दिलेस, छान."

किती मिनिटं? वयाच्या वर्षाइतकी म्हणतात ते खरं का?

तो लक्षात ठेवायला सोपा आडाखा आहे, निसर्गनियम नाही. लहान मुलांना दोन ते पाच मिनिटं पुरतात. मिनिटं वाढवून परिणाम वाढतो असं समजू नका. वीस मिनिटांनंतर आपण का बसलोय हेच मूल विसरतं, आणि तेवढा वेळ चांगलं वागून दाखवायची संधीही हुकते. साधारण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला टाइम-आउट देऊच नये. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवा, वस्तू उचलून वर ठेवा.

तो खुर्चीवर बसतच नाही, पळून जातो. धरून बसवायचं का?

धरून बसवू नका आणि मागेही लागू नका. मागे धावलात की पकडापकडीचा खेळ सुरू होतो, आणि खेळ म्हणजे पुन्हा बक्षीसच. त्यापेक्षा टाइम-आउट वस्तूला द्या. ठोकळे दहा मिनिटं माळ्यावर. टीव्हीच्या रिमोटवरून भांडण झालं तर टीव्ही पाच मिनिटं बंद. किंवा तुम्हीच तिथून उठा. तुमचं लक्ष निघून गेलं की तोही टाइम-आउटच झाला.

एका खोलीच्या घरात हाच मार्ग बरा पडतो. जिथे जेवण, अभ्यास आणि झोप एकाच पलंगाभोवती होते, तिथे वेगळी खुर्ची कुठून आणणार? परदेशातल्या सल्ल्यांमध्ये प्रत्येक मुलाला स्वतःची खोली असतेच असं धरून चालतात. तुमच्याकडे ती नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका.

आम्ही बसवलं की आजी लगेच जवळ घेते. काय करायचं?

आजीला शत्रू करू नका. मुलाच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या 'टाइम-इन'ची ती धनीण आहे. तिच्याकडे काम सोपवा : टायमर वाजला की त्याला पहिल्यांदा हाक मारायची ती आजीने. पहिल्या दिवसापासून तिला सोबत घेतलं तर बहुतेक आज्या तीन मिनिटं थांबतात. त्यांचा जीव तुटतो तो वीस मिनिटांच्या रडण्याने. आणि खरं सांगायचं तर तिथे त्यांचंच बरोबर असतं.

एक मात्र सगळ्यांनी सांभाळा. आज बसवलं, उद्या पाहुणे आले म्हणून सोडलं, परवा हट्ट वाढला म्हणून हातात चॉकलेट दिलं, असं झालं तर मूल एवढंच शिकतं की जोर लावला की मोठी माणसं नमतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन हेच टिपलं. मूल आवाज चढवतं, आई-वडील हार मानतात, मूल शांत होतं. मुलाला हवं ते मिळालं आणि पालकांना शांतता. पुढच्या वेळी दोघेही तेच करतात. हे चक्र कुणी मुद्दाम सुरू करत नाही, म्हणून तर ते दिसत नाही.

सुरू केल्यावर हट्ट उलट वाढलाय. बंद करू का?

दोन शक्यता आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, विझताना दिवा फडफडतो तसं. आजवर ज्या रडण्याने काम व्हायचं ते होईनासं झालं की मूल आधी जास्त जोरात रडून बघतं. हा जोर सहसा काही दिवसांत ओसरतो. अशा वेळी धीर सोडला तर मोठ्या रडण्याला बक्षीस मिळतं.

दुसरी शक्यता जास्त गंभीर आहे : मुलाला बाहेर जाणंच हवं असतं. सोल्निक आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सहा वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलीबद्दल लिहिलं. तिला टाइम-आउट दिला की आकांडतांडव वाढायचं. कारण एकटी असताना तिला स्वतःशी हातांचे चाळे करत बसता यायचं, आणि तेच तिला प्रिय होतं.

मी स्वतः हीच चूक केली आहे. दुसरीतला एक मुलगा गणिताच्या तासाला कंपासपेटी फेकायचा. मी बाईंना सुचवलं, पेटी फेकली की त्याला मागच्या रिकाम्या बाकावर पाच मिनिटं बसवा. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "मॅडम, आता मी सांगायच्या आधीच तो दप्तर उचलून मागे जातो." ते वाक्य ऐकून मी गप्प झाले. त्या मुलाला फळ्यावरची उदाहरणं वाचताच येत नव्हती. पेटी हे त्याचं सुटकेचं तिकीट होतं, आणि आम्ही रोज त्यावर शिक्का मारून देत होतो. वाचनाची तपासणी आधी व्हायला हवी होती. ती मी नंतर करायला सांगितली.

मग आम्ही त्याला एक कार्ड दिलं, 'मला मदत हवी आहे'. कार्ड बाकावर ठेवलं की बाई येऊन उदाहरण वाचून दाखवायच्या. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी हाच विचार मांडला होता : मुलाचं गैरवर्तन ज्या कारणासाठी होतं, तीच गोष्ट मागण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवा. पेट्या फेकणं एकदम थांबलं नाही, पण हळूहळू कार्ड जास्त आणि पेटी कमी असं होत गेलं.

म्हणून टाइम-आउट सुरू करण्याआधी आठवडाभर वहीत तीन रकाने भरा : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. अभ्यास काढला की गोंधळ, असं दिसलं तर टाइम-आउट देऊ नका. काम सोपं करा, छोटं करा, मदत मागायला शिकवा.

शाळेत वर्गाबाहेर उभं करणं हा टाइम-आउटच नाही का?

माझ्या मते नाही. बाहेर उभं राहिलेल्या मुलाचं शिकणं बुडतं आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे बघतो. शिवाय वर्ग कंटाळवाणा असेल तर व्हरांडा जास्त मजेचा असतो. अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, पाटी गळ्यात अडकवणं हे तर सरळ अपमान आहेत. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. गोव्यात त्याआधीच, २००३ च्या बाल कायद्याने, शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आली होती. 'टाइम-आउट' असं नवं नाव दिल्याने जुनी शिक्षा कायदेशीर होत नाही.

बालवाडीसाठी एक साधी पद्धत सांगते. मुलाने ढकललं की त्याला खेळाच्या कडेला बसवायचं, "बघ, बाकीचे रांगेत कसे थांबतात" म्हणायचं, आणि मिनिटाभरात "तुला जमेल ना?" विचारून परत घ्यायचं. १९७६ मध्ये पोर्टरफिल्ड, हर्बर्ट-जॅक्सन आणि रिझली यांनी पाळणाघरात ती वापरली होती. मूल वर्गातच राहतं आणि बघता बघता शिकतं.

पॉइंट कापताना काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी, मिळण्याचं प्रमाण जाण्यापेक्षा बरंच जास्त हवं. सोमवारीच सगळे पॉइंट गेले तर मंगळवार ते शनिवार त्या मुलाकडे गमावण्यासारखं काहीच उरत नाही. मग ते नीट का वागेल? शून्याच्या खाली कधीही नेऊ नका. कर्जात बुडालेलं मूल प्रयत्न सोडून देतं. दर आधी ठरवा, रागात वाढवू नका : ढकललं तर दोन पॉइंट, म्हणजे दोनच. आणि जे मुलाचं हक्काचं आहे त्यातून काही कापायचं नाही. जेवण, पाणी, झोप, आईची मिठी यांना दंडाच्या हिशेबात आणू नका. डब्यातला लाडू काढून घेणं हा रिस्पॉन्स कॉस्ट नाही.

अतिचंचल मुलांच्या बाबतीत ही पद्धत उपयोगी पडल्याचे जुने दाखले आहेत. १९८२ मध्ये रॅपोर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांवर रिटालिनचं औषध आणि रिस्पॉन्स कॉस्ट यांची तुलना केली. मुलगा कामावरून भरकटला की शिक्षिका आकड्यांच्या कार्डांतलं एक कार्ड उलटवायची आणि त्याच्या मोकळ्या वेळातलं एक मिनिट कमी व्हायचं. अभ्यासातली प्रगती आणि लक्ष, दोन्हींत ही पद्धत औषधापुढे मागे पडली नाही. मुलं दोनच होती हे विसरू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाला हात लावू नका.

एका मुलामुळे सगळ्या वर्गाचे पॉइंट कापले तर?

सांभाळून. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या एका चौथीच्या वर्गात बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांनी दोन संघ करून खेळ मांडला. जागेवरून उठलं किंवा मध्येच बोललं की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर खूण. खुणा कमी तर संघ जिंकला, आणि दोन्ही संघ जिंकू शकत होते. गोंधळ खूप कमी झाला. पण काही मुलं मुद्दाम खेळ मोडू लागली, तेव्हा त्यांचा हिशेब संघापासून वेगळा करावा लागला. हे वेगळं करणं विसरलं की मधल्या सुट्टीत त्या एका मुलाला बाकीचे गाठतात. ते तुम्हाला दिसणार नाही, त्याला दिसेल.

टाइम-आउटने मुलाला एकटं पडल्यासारखं वाटतं, मनावर कायमचा परिणाम होतो, असं वाचलं.

ही काळजी रास्त आहे. २०१४ मध्ये डॅनियल सीगल आणि टीना ब्रायसन या लेखकद्वयाने 'टाइम' या अमेरिकी मासिकात तसं लिहिलं, आणि जगभरचे पालक धास्तावले. नंतर त्यांनीच स्पष्ट केलं की त्यांचा आक्षेप चुकीच्या, रागाने दिलेल्या टाइम-आउटला होता. त्यानंतर मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे १४०० कुटुंबांची माहिती तपासली. मुलं तीन वर्षांची असल्यापासून पाचवीत जाईपर्यंत, टाइम-आउट मिळालेल्या मुलांमध्ये चिंता, उदासपणा किंवा आक्रमकपणा जास्त आढळला नाही.

हा निर्वाळा छोट्या, शांतपणे दिलेल्या टाइम-आउटसाठी आहे. मोरीत कोंडणं, दिवा मालवणं, "बुवा येईल" म्हणणं, "तू नकोसच आम्हाला" म्हणणं यांना तो लागू नाही. ज्या मुलाने मार, ताटातूट किंवा अत्याचार सोसला आहे त्याला एकटं बसवूच नका. त्याच्या शेजारी बसा. आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत घरच्या घरी काही ठरवण्याआधी तज्ज्ञांना भेटा.

निदान मारण्यापेक्षा तरी बरं ना?

हो, नक्कीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये मारण्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. पण मार बंद करून दिवसाला पंधरा टाइम-आउट सुरू केले तर फारसं काही बदललं नाही. मुलाला अजून एवढंच कळतंय की काय करायचं नाही.

कधी थांबवायचं?

वहीत बघा. सुरू करण्याआधीच्या आठवड्यात किती वेळा फेकाफेक झाली आणि आता किती वेळा होते, हे आकडे शेजारी शेजारी लिहा. दोन-तीन आठवडे नीट पाळूनही आकडा हलला नाही तर थांबवा आणि कारण शोधा. आकडा कमी झाला तर खुर्ची आपोआप रिकामी पडायला लागते. ती कोथिंबीर निवडणारी आई दोन महिन्यांनी भेटली तेव्हा म्हणाली, खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे असतात. संध्याकाळची ठोकळ्यांची पंधरा मिनिटं मात्र चालू आहेत, आणि त्यात धाकटीही येऊन बसते.